जॉर्ज टूकर यांचे ‘द सबवे’: चेहरे दिसत असूनही माणसे अनामिक कशी?

रेघोट्या
जॉर्ज टूकर या अमेरिकी चित्रकाराने १९५० मध्ये रंगवलेल्या ‘द सबवे’ या चित्रावर मी सध्या टिपण लिहीत आहे, त्यासाठी या मंचावरील सदस्यांची मते हवी आहेत. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे हे चित्र असूनही त्यात गाडी नाही. आहेत ते बुटके छत, गजांची फाटके, निरनिराळ्या दिशांना फुटणारे बोळ आणि ओव्हरकोट घातलेले पुरुष. पुढ्यात लाल पोशाखावर निळा कोट घातलेली एक स्त्री पोटावर हात ठेवून उभी आहे. बहुतेक लेखक ‘महानगरातील अनामिकता’ एवढे म्हणून पुढे सरकतात. परंतु त्या स्त्रीचा चेहरा तर अगदी स्वच्छ रंगवलेला आहे. मग अनामिकतेचा हा परिणाम नेमका कशातून साधला आहे?

जुना कॅनव्हास
पुरुषांचे चेहरे एकामागून एक पाहावेत. ते जवळपास एकाच साच्यातले आहेत. कोट तेच, तिरकी नजरही तीच. चेहरा लपवल्याने माणूस अनोळखी होतो, पण तोच चेहरा पुन्हा पुन्हा भेटला की ओळख या गोष्टीलाच अर्थ उरत नाही, आणि हे दुसरे मला अधिक भयावह वाटते. त्यातच यथार्थदर्शनाची (सपाट चित्रात खोली भासवण्याच्या पद्धतीची) योजना अशी की, लोपबिंदू (दूर जाणाऱ्या रेषा जेथे मिळताना दिसतात तो बिंदू) एकच न ठेवता प्रत्येक बोळ आपापल्या बिंदूकडे पळतो. त्यामुळे डोळ्याला वाट सापडल्यासारखी वाटते आणि लगेच हरवते. चित्र जेमतेम ४६ बाय ९२ सेंटिमीटरचे आहे, हेही टिपणात अवश्य नोंदवावे, कारण छापील प्रतींवरून ते भिंतभर असावे असा समज होतो.

बलक आणि रंग
माध्यमाचा उल्लेख अजून कोणीच केलेला नाही. हे तैलचित्र नसून अंड्याच्या बलकात रंगद्रव्य कालवून केलेले टेम्पराचे काम आहे. हा रंग चटकन वाळतो, त्यामुळे तैलरंगासारखा तो ओला असताना एकमेकांत मिसळता येत नाही. बारीक कुंचल्याने रेघेवर रेघ देत छटा उभी करावी लागते. टूकर यांनी ही पद्धत चित्रकार पॉल कॅडमस यांच्या सहवासात आत्मसात केली. आर्ट स्टुडंट्स लीग या न्यूयॉर्कच्या कलाशाळेत त्यांचे शिक्षक असलेले चित्रकार रेजिनाल्ड मार्श हेदेखील टेम्परा वापरत आणि भुयारी रेल्वेतील प्रवासी रंगवत, पण मार्श यांच्या चित्रांत घाम, धक्काबुक्की आणि गलका आहे. टूकर यांच्याकडे सगळे निश्चल आहे आणि कातडी व भिंत यांना सारखाच थंड, गुळगुळीत पोत मिळाला आहे. अनामिकतेचा निम्मा वाटा मी या पोताला देईन.

जुना कॅनव्हास
पोताचा मुद्दा मान्य आहे. मात्र निम्मा वाटा जरा जास्तच झाला. चित्रकार मार्क रॉथको यांनी सुमारे १९४० मध्ये याच रेल्वेचे फलाट तैलरंगात रंगवले. त्यांच्या काडीसारख्या आकृत्या खांबांत विरघळून जातात आणि तेथेही माणसे अनामिकच आहेत, पण मनःस्थिती उदासीची आहे, धास्तीची नाही. धास्ती येते ती टूकर यांच्या गजांमुळे आणि आडून पाहणाऱ्या पुरुषांमुळे.

रेघोट्या
दोघांचेही आभार. स्त्रीच्या लाल-निळ्या वस्त्रांत काही अभ्यासकांना येशूची आई मेरी हिला याच रंगांत रंगवण्याची जुनी परंपरा दिसते. हा अर्थ आपल्याला पटतो का?

बलक आणि रंग
रंगांपुरता पटतो, कारण टूकर यांच्यावर इटालियन प्रबोधनकाळाचा प्रभाव होता. पोटावरच्या हातावरून ती गर्भवती असल्याचे ठामपणे लिहू नये. भ्यालेला माणूसही असाच हात ठेवतो. टिपणाला जोड हवी असेल तर धर्मापेक्षा त्यांचे १९५६ चे ‘गव्हर्नमेंट ब्यूरो’ पाहावे. सरकारी परवानग्यांसाठी माराव्या लागलेल्या खेपांतून सुचलेल्या त्या चित्रात अर्जदार पाठमोरे आहेत आणि काचेच्या भोकांतून कर्मचाऱ्यांचे चेहऱ्याचे तुकडेच दिसतात. ‘सबवे’मध्ये चेहरे दाखवून जे साधले, तेच तेथे चेहरे झाकून साधले आहे, त्यामुळे आपल्या मूळ प्रश्नासाठी ही दोन चित्रे शेजारी ठेवणे सर्वांत उपयोगी पडेल. ‘सबवे’ न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आहे, तर दुसरे त्याच शहरातील मेट्रोपॉलिटन संग्रहालयात.