नोकरी, दवाखान्याचं कार्ड आणि राहिलेली डिग्री: तुमचे अनुभव लिहा

फोंड्याची_सून
काल भाच्याचा फोन, मावशी, वेर्ण्याची नोकरी सोडून टीवाय, डिग्रीचं शेवटचं वर्ष, पूर्ण करू का? मी आधी विचारलं, आईचं औषधपाणी कुठल्या कार्डावर चालतं? तो गप्प. तेव्हापासून जुनं सगळं आठवतंय. मी कुंडईला पॅकिंगला होते आणि बाबांचं डायलिसिस माझ्या ईएसआयवर, म्हणजे नोकरीतून मिळणाऱ्या सरकारी कामगार विम्यावर चालायचं. लोकांना वाटायचं पगारासाठी चिकटलेय. पगार सोडला असता हो, पण नोकरी गेली की बाबांचं कार्ड बंद. म्हणून रेग्युलर कॉलेज सोडून इग्नूतून, घरी बसून शिकायच्या मुक्त विद्यापीठातून, बीए केलं. तिथे तीन वर्षांच्या डिग्रीला सहा वर्षं मिळतात, मला जवळजवळ सगळी लागली. डायलिसिसचे तास मोठे, बाहेरच्या बाकड्यावर मांडीवर ईएसआयची फाईल, तिच्यावर फुलस्केप ठेवून असाइनमेंट लिहायचे. असाइनमेंटला 30 टक्के मार्क असतात, ते हातचे सोडायचे नाहीत असं मनाशी धरलं होतं. बाबा आतून सिस्टरकरवी विचारायचे, जालें गो बरोवन? म्हणजे झालं का गं लिहून? डिग्री त्यांनी बघितली. तुम्ही कसं केलंत ते लिहा.

कुडचडेकर
ताई, बाबांनी डिग्री बघितली हे वाचून फार बरं वाटलं. माझं उलटंच झालं, पगार वाढला आणि ईएसआय गेलं. 21 हजारांची मर्यादा 2017 पासूनची, माझा झाला 22. घरी पेढे वाटले आणि एचआरवाली म्हणते आता तुम्ही बाहेर. आपल्या पगारातून पाऊण टक्का जातो, मालक सव्वातीन भरतो, त्यात आईवडलांसकट सगळं घर बघितलं जातं, एवढ्यात बाहेर कोण देतो? पण लगेच बंद होत नाही, ती सहामाही संपेपर्यंत चालतं, म्हणजे 30 सप्टेंबर नाहीतर 31 मार्च. तेवढ्यात आईचा मोतीबिंदू उरकला. एमकॉमचा पार्ट टू अजून बाकी.

म्हापशाची_बाय
कुकर लावलाय, पटकन लिहिते. फोंड्याची, भाच्याकडे डीडीएसएसवाय, म्हणजे गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य विम्याचं कार्ड आहे का बघ, ते नोकरीवर अवलंबून नाही. 2016 ला सुरू झालं, तीन माणसांपर्यंत वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असली तर 4 लाख. गोव्यात पाच वर्षं राहिलेला पाहिजे, सरकारी नोकरीवाल्यांना नाही. ठरलेल्या यादीतल्या उपचारांनाच चालतं, तेव्हा आईचा आजार यादीत आहे का ते आधी विचारा, मग राजीनामा

सीझनवाला
कांदोळीला हॉटेलात आहे. पाऊस लागला की अर्धा स्टाफ घरी, मग कसलं कंपनीचं कव्हर. मला शुगर आहे म्हणून स्वतःची पॉलिसी काढली, आधीच्या आजाराला थांबावं लागतं पण 2024 पासून जास्तीत जास्त तीन वर्षंच. विमा कंपनी बदलायची तर रिन्युअलच्या 45 दिवस आधी पोर्टिंगचा अर्ज करा, थांबलेली वर्षं धरली जातात. आणि इग्नूची परीक्षा जून आणि डिसेंबर. डिसेंबरात गोव्याच्या हॉटेलात सुट्टी मागून दाखवा कोणी! मी सगळे पेपर जूनलाच देतो, एक राहिला की वर्ष गेलं.

केपें_केपें
बाकीचं जाऊद्या, कुडचडेकर, मोतीबिंदू कुठे केला? आमच्या आजीला करायचाय, चवथीआधी झाला तर बरं, गणपतीवरची फळापानांची माटोळी तीच बांधून घेते

कुडचडेकर
@केपें_केपें मडगावच्या ईएसआय हॉस्पिटलातून कागद केले. आजीचं कार्ड नसेल तर बांबोळीला जीएमसीत, गोवा मेडिकल कॉलेजात दाखवा, सकाळी लवकर जा. आणि डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, माटोळी यंदा दुसऱ्यांना बांधूदे

म्हापशाची_बाय
सीझनवाला, किती पेपर राहिले रे? इतिहासाची इग्नूची पुस्तकं माझ्याकडे पडून आहेत, पेन्सिलीच्या खुणा आहेत फक्त

सीझनवाला
दोन राहिले ताई, दोन्ही इतिहासाचेच! सोमवारी माझी सुट्टी असते, म्हापशाला येऊन नेतो

फोंड्याची_सून
भाच्याला सगळं वाचून दाखवलं. कार्ड आहे म्हणतो, आईचे रिपोर्ट घेऊन शनिवारी येतोय. आजार यादीत बसला नाही तर नोकरी ठेवून इग्नू, फॉर्म मीच भरून देणार.