घरच्या आजारी माणसाचं करणाऱ्या बाईला गृहीत धरतात आणि पुरुषाला मदत मिळते, असं तुम्हालाही दिसतं का?

निळी_शाई:
आईला डिमेन्शिया आहे, आता अंघोळ, भरवणं, डायपर सगळं मीच करते, नोकरी पण चालू आहे. मध्यंतरी माझं ऑपरेशन झालं तेव्हा भावाने थोडे दिवस बघितलं तर मावशी राहायला आली, शेजारच्या काकू डबा पाठवायला लागल्या, जो तो म्हणे "बिचारा एकटा किती करतो". मी घरी आले आणि सगळं बंद. भाऊ वाईट नाहीये, त्याने मनापासून केलं, त्याच्यावर राग नाही. पण मला कोणी विचारत पण नाही, फोन आला की "आई कशी आहे" एवढंच. सगळीकडे असंच असतं का? आणि मदत मागायची तरी कशी, मला शब्दच फुटत नाहीत.

अबोली:
अगदी अगदी. नुसत्या तासांचा प्रश्न नाही हो ताई, कुठली कामं वाट्याला येतात ते बघा. औषधं आणणं, रिपोर्ट दाखवणं, बँक, ही आज नाही तर उद्या होतात. कपडे ओले झाले तर त्याच मिनिटाला बदलायला लागतात, रात्री तीन वाजता पण. माझ्याकडे सासऱ्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायला लागायचं, नाहीतर बेडसोअर होतात, आणि नवरा घरात असला तरी ते "तिला सवय आहे" म्हणून माझ्याकडेच. पिन्क्वार्ट आणि सोरेन्सन या संशोधकांनी २००६ साली २२९ अभ्यास एकत्र करून बघितले होते, त्यात बायकांवरचा ताण जास्त, डिप्रेशन जास्त, तास जास्त, अंगाला हात लावून करायची कामं जास्त. फरक फार मोठा नव्हता, आणि मदत घेण्यात बाई-पुरुष फरक दिसला नाही हे पण खरं, म्हणजे तुमच्याकडे झालं तसं दरवेळी होतंच असं नाही. पण भार जास्त आणि मदत तेवढीच, तर ती पुरणार कशी?

रातजागा:
मी पुरुष आहे, बायकोला स्ट्रोक आला तेव्हापासून तिचं सगळं मी बघतो. कौतुक खूप झालं, आणि तेवढं बायकांचं कोणी करत नाही हे मान्य. पण लोक कौतुक करतात आणि निघून जातात. मित्र येतात, इकडचं तिकडचं बोलतात, जाताना "काही लागलं तर सांग", मी म्हणतो सगळं ठीक आहे. नातेवाइकांना फोन करणं, कोणाचं काय चाललंय ते लक्षात ठेवणं हे तीच करायची, तिचं बोलणं गेलं तसे अर्धे संबंध आपोआप सुटले. सपोर्ट ग्रुपला जाऊन बघितलं, सगळ्या बायका होत्या, मी बसल्यावर त्या गप्प झाल्या. त्यांचं पण चूक नाही, त्यांना मोकळं बोलायचं होतं. पण मग आम्ही कोणाशी बोलायचं?

उंबरठा:
मी अशा कुटुंबांसोबत काम करते. तुम्ही दोघं वेगवेगळ्या आधाराबद्दल बोलताय. जेम्स हाउस यांनी १९८१ मध्ये चार प्रकार सांगितले होते, मनाला धीर, प्रत्यक्ष हातभार, माहिती, आणि तू बरोबर करतोयस असं कोणीतरी सांगणं. दादांना शेवटचा भरपूर मिळाला, पहिला नाही. ताईंना हातभारही नाही आणि शाबासकीही नाही. आणि प्लीज हे अंगावर काढू नका. शुल्झ आणि बीच यांच्या १९९९ च्या अभ्यासात, जोडीदाराचं करणाऱ्या आणि त्याचा ताण जाणवणाऱ्या वयस्कर लोकांत चार वर्षांत मृत्यूचा धोका, जोडीदाराचं करावं न लागणाऱ्यांपेक्षा, ६३ टक्के जास्त निघाला होता. काळजी घेणाऱ्यावर किती ताण आहे ते मोजणारी झारिट म्हणून २२ प्रश्नांची प्रश्नावली असते, डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे मागा आणि तुम्ही आणि भाऊ दोघांनी वेगवेगळी भरा, आकडा समोर आला की घरात बोलणं सोपं जातं असा माझा अनुभव आहे. मागताना "मदत कर" म्हणू नका, ते हवेत विरतं. "मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री आईजवळ तू झोप" असं वार आणि काम धरून सांगा. मावशीला पण तसंच, ती भावासाठी आली म्हणजे ती येऊ शकते.

निळी_शाई:
मावशीचं हे माझ्या डोक्यातच नव्हतं आलं, थँक्यू. भावाशी आज बोलते. अडचण एकच, डायपर बदलताना आई त्याला लाजते, हात झटकते, मग तो मला हाक मारतो आणि मी उठते.

रातजागा:
कमरेवर चादर ठेवून खालून बदलायचं, अंग उघडं पडत नाही. काय करतोय ते त्याने आधी सांगायचं, हात लावायच्या आधी. सुरुवातीला तुम्ही आईच्या उशाशी बसून तिच्याशी बोलत राहा पण काम त्यालाच करू दे, वाकडं लागलं तरी मध्ये पडू नका. डायपर, हातमोजे, मलम एकाच डब्यात पलंगाजवळ ठेवा म्हणजे वस्तूसाठी हाक नको. आणि मग त्याच्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लावून झोपा.