मदत हवी आहे: जुन्या इटालियन खुर्च्यांची विणलेली बैठक खचली, शनिवारच्या आत काय करू?

ऋतुजा_मिलान:
शनिवारी सासू-सासरे पुण्याहून येतायत आणि जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या मधोमध खचल्यात. एकीवर बसलं की कर्र वाजतं. इथे मिलानमध्ये नाविल्यो ग्रांदे कालव्याच्या काठावर महिन्याच्या शेवटच्या रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तिथून घेतल्या. १९५०-६०च्या आहेत, दुरुस्त केलेल्या आहेत, असं विकणारा म्हणाला. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ते अंग टाकूनच बसतात. लवकर सांगा.

बुरूडआळी:
सोपं आहे. खुर्ची उलटी करा, बैठकीला खालून गरम पाण्याचं फडकं लावा, रात्रभर वाळू द्या. वेत आखडतो आणि बैठक ताठ होते. वडिलांच्या आरामखुर्चीला दर दोन वर्षांनी हेच करतो.

चौकट:
थांबा. वेत आहे असं त्या कुठे म्हणाल्या? वेत, लव्हाळा की कागदाची दोरी? फोटो टाका.

ऋतुजा_मिलान:
फोटो चढत नाहीये. सुतळीपेक्षा जाड दोरी आहे. चारी बाजूंनी त्रिकोण येऊन मध्ये मिळतात, पाकिटाच्या मागच्या बाजूसारखे.

पोंतीप्रेमी:
कृपया काहीही करण्याआधी वजन करा! इटालियन डिझायनर जिओ पोंतीची सुपरलेज्जेरा खुर्ची असेल तर ठेवा आहे तो. १९५७ साली कास्सिना या फर्निचर कंपनीने काढली, वजन फक्त १.७ किलो, पायांचा छेद त्रिकोणी. इटलीतल्या कियावारी गावच्या हलक्या खुर्चीवरून पोंतींना ती सुचली, आणि ती परंपरा थेट १८०७ सालच्या देस्काल्झी या कारागिरापासूनची.

बुरूडआळी:
अहो, त्यांना शनिवारी बसायला खुर्ची हवीय.

ऋतुजा_मिलान:
बॅगेच्या काट्यावर ३.४ किलो भरली. पाय गोल आहेत. आता पुढे?

पोंतीप्रेमी:
मग ती नाही. लाकूड लाल रंगवलेलं असतं तर डिझायनर माजिस्त्रेत्तींची कारिमाते खुर्ची म्हटलं असतं.

सुतारकाका:
विण काढून टाका, बारा एमेमचं प्लायवूड ठोका, वर फोम. वीस वर्षं बघायला नको.

चौकट:
काका, विण गेली तर त्या खुर्चीत राहिलं काय? ताई, खालून एखादं सुटं टोक सापडतंय का बघा आणि त्याचा पीळ उलगडा. सपाट कागद निघाला तर भिजवायचं नाही, भिजून फुगला की कागद फाटतो. पातीसारखं तंतुमय निघालं तर लव्हाळा. हिवाळ्यात हीटरने तो कोरडा पडून तुटतो, त्याला अधूनमधून पाण्याचा हलका फवारा चालतो.

ऋतुजा_मिलान:
कागदच! किराणा दुकानातल्या पुडीसारखा तपकिरी, पट्टी बोटभर रुंद झाली. आत दुमडलेला पुठ्ठाही दिसतोय, पण एकाच बाजूला.

चौकट:
मग दुखणं तेच. या विणीला वरचा आणि खालचा असे दोन थर असतात आणि मधल्या पोकळीत भरण घालतात. तुमच्याकडे तीन बाजू रिकाम्या राहिल्यात. खोक्याच्या पुठ्ठ्याचे त्रिकोण कापा, खालच्या थराच्या फटीतून लाकडी उलथन्याच्या दांड्याने कोपऱ्यापर्यंत सारा. बैठक वर उचलली की थांबा, जास्त कोंबलं तर दोरी तुटेल. आता आवाजाचं. त्या खुर्चीचा एकेक पाय धरून हलवा.

ऋतुजा_मिलान:
पुढचा डावा पाय हलतोय. खालच्या आडव्या दांडीच्या सांध्यातून पिवळी पूड पडली.

सुतारकाका:
जुना सरस सुटलाय. पाय थोडा फाकवून दांडी बाहेर घ्या. लाकूड दिसेपर्यंत खरवडा, सरसावर पांढरा गोंद धरत नाही. गोंद लावून पायांभोवती दोरी बांधा, दोरीत काठी घालून पीळ द्या. चोवीस तास कुणी बसायचं नाही. हे मात्र माझं ऐका.

बुरूडआळी:
बरोबर. माझा उपाय वेतासाठीच होता, तुम्ही पाणी लावू नका.

मीनल७१:
पुण्यात वेताची बैठक विणून देणारं कुणी आहे का? माझ्याही चार आहेत.

ऋतुजा_मिलान:
दोन्ही बैठकी वर आल्या. पायाला दोरी बांधून ठेवलीय, उद्या संध्याकाळी सोडते. सासऱ्यांना न खचलेल्यांपैकीच एक देणार.

पोंतीप्रेमी:
दांडीच्या आतल्या बाजूला काही शिक्का आहे का, तेवढं बघाल?