मदत हवी आहे: गावच्या कौलारू घराला डिशची छत्री कुठे बसवू?

मंडळी, घर संगमेश्वर तालुक्यातलं, आजोबांच्या वेळचं. चिऱ्याच्या भिंती, दरजांत माती, वर मंगलोरी कौलं. आई तिथे एकटी असते. मोबाइलवर मालिका बघून तिचे डोळे चुरचुरतात, म्हणून डीडी फ्री डिश घ्यायचं ठरवलंय. महिन्याचं रिचार्ज नाही, सह्याद्री लागते, तिला तेवढं पुरे.

घोडं अडलंय छपरापाशी. वडिलांनी १९८७ साली लावलेल्या अँटेनाचा पाइप अजून आढ्याशी उभा आहे, १२ फुटी. वरच्या दांड्या माकडांनी कधीच वाकवल्या, चपटी वायर उंदरांनी खाल्ली. पाइप कौलातून बाहेर येतो तिथे पत्रा आणि डांबर थापलंय, तरी दर आषाढात खाली माजघरात घमेलं ठेवावं लागतं.

गणपतीत एक फिटर आणला. वर चढतानाच त्याने पाच कौलं फोडली (त्या मापाची आता कुठे मिळायची!) आणि म्हणाला, "याच पायपाला छत्री ठोकतो, अर्ध्या तासाचं काम." पाइप हलवून बघितला तर वाशासकट हलला. मग भिंतीला अँकर मारायला गेला. चिऱ्याचा भुगा झाला आणि बोल्ट हातात आला. त्यालाही तिथेच थांबवलं.

तर, तोच पाइप मजबूत करून घ्यावा का? खाली लावली तर आग्नेयेला मोठा फणस आहे, तो आड येईल का? आणि विजांचं काय?

प्रतिसाद १:
छपरावर चढताच कशाला? जुन्या अँटेनाला उंची लागायची, कारण सिग्नल जमिनीवरच्या मनोऱ्यावरून यायचा. ते मनोरेही २०२१ अखेर बहुतेक ठिकाणी बंद झाले. फ्री डिश येते जीसॅट-१५ या उपग्रहावरून, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. तुमच्याकडून तो आग्नेयेला, जरा पूर्वेकडे कललेला, क्षितिजापासून जवळजवळ ६० अंश वर. तिथपर्यंत आभाळ मोकळं असलं की छत्री खळ्यात ठेवली काय नि आढ्यावर ठेवली काय, सारखंच.

फणसाचा हिशोब: छत्रीपासून झाड जितकं लांब, त्याच्या पावणेदोन पटीहून ते छत्रीच्या वर उंच असेल तरच आड येईल. आणखी सोपी युक्ती म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या दिवसांत सकाळी ११ च्या सुमाराला सूर्य जवळपास त्याच जागी असतो. तेव्हा खळ्यात जिथे स्वच्छ ऊन, तिथे छत्री. सावलीत नको.

दीड फूट खड्डा घेऊन काँक्रीटमध्ये जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप उभा करा आणि गवंड्याचा ओळंबा लावून बघा. पाइप कलला की फिटर दिवसभर छत्री फिरवत बसतो, एक-दोन अंशांत चित्र जातं. छत्री ६० अंश वळलेली दिसणार नाही, चांगली उभी दिसेल. ती ऑफसेट असते, म्हणजे तिचा रोख तोंडासमोर नसतो, त्याहून वर असतो. घाबरू नका. केबल घरात शिरण्याआधी खाली एक झोळ द्या, पाणी तिथून गळून जातं. मुसळधार पावसात चित्र जाणारच, त्याला इलाज नाही.

प्रतिसाद २:
पायपाला अर्थिंग द्या. तरी विजा कडाडायला लागल्या की बॉक्सची पिन आणि केबल दोन्ही काढायची सवय आईंना लावा. आढ्यावरचा तो जुना पाइप पुढच्या वैशाखात कौलं परताल तेव्हा उतरवून टाका, गळतीही थांबेल.

धागाकर्ता:
आभार मंडळी! फणस माझ्या अंदाजाने ३५ फूट, खळ्याच्या लांबच्या टोकापासून २५ फुटांवर. म्हणजे सुटतोय. आत्ताच आईला फोन करून विचारलं, सप्टेंबरअखेर ११ ला ऊन कुठे असतं? ती म्हणाली, "विहिरीकडच्या कोपऱ्यात. घट बसायच्या आधी गोधड्या तिथेच टाकते मी. छत्री लावशील तर दोरीची जागा सोडून लाव."