‘सोल्दादो दे कुएरा’ : चामडी अंगरखा पुट्टीत कसा घडवावा?

मूर्तिछंद : नमस्कार. नव्या स्पेनच्या (उत्तर अमेरिकेतील स्पॅनिश वसाहतीच्या) उत्तर सरहद्दीवरचा, चामडी अंगरखा घालणारा घोडेस्वार, म्हणजेच ‘सोल्दादो दे कुएरा’, मी ५४ मिलिमीटर उंचीत घडवीत आहे. सरहद्दीच्या लष्करी ठाण्यांसाठी निघालेल्या १७७२ च्या स्पॅनिश नियमावलीनंतरचा, तुसोनच्या (आजच्या अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील) ठाण्यावरील शिपाई अभिप्रेत आहे. तारेचा सांगाडा आणि शरीर तयार आहे. मात्र अंगरखा चढवला की तो कापडी कोट वाटतो. पोशाखाच्या रंगांविषयीही मार्गदर्शन हवे आहे.

कोरणी : बहुधा चुण्या जास्त पडत असाव्यात. हा बिनबाह्यांचा अंगरखा बाण अडवण्यासाठी कातड्याचे सहा-सात थर एकत्र शिवून केलेला असे आणि त्याचे वजन आठ किलोच्या आसपास भरे. इतके जाड चामडे चुरगळत नाही. ते खांद्यावरून सरळ उतरते आणि खाली घंटेसारखे किंचित फाकते. त्यामुळे पट्टा आवळलेल्या जागीच दोन-तीन रुंद, बोथट घड्या द्याव्यात. खरी गंमत कडेच्या जाडीत आहे. काखेपाशी, आतल्या जाकिटाच्या बाहीभोवती बारीक पोकळ फट ठेवली, तर तेवढ्यानेच चामड्याचा भास होतो. एक सेंटिमीटर जाडी १:३२ प्रमाणात जेमतेम ०.३ मिलिमीटर येते. रंगाखाली कड बुजते म्हणून मी ती थोडी वाढवूनच घेतो. नुसती ग्रीन स्टफ (मूर्तिकामाची हिरवी इपॉक्सी पुट्टी) वाळल्यावरही लवचीक राहते आणि तिला कानस नीट लागत नाही, म्हणून तीत मिलिपुट (वाळल्यावर कडक होणारी दुसरी इपॉक्सी पुट्टी) मिसळावे. टाके मात्र पुट्टी अर्धवट घट्ट झाल्यावर, ओल्या सुईने टोचावेत.

जुनेठाणे : नियमावलीप्रमाणे आखूड निळे जाकीट, त्याला तांबडी कॉलर व कफ, निळी विजार, काळा गळपट्टा आणि ठाण्याचे नाव भरतकामात असलेला खांदापट्टा. ही अक्षरे कोरू नयेत, रंगवावीत. अशा शिपायाचे, सेव्हिलच्या अभिलेखागारातील रामोन दे मुरिल्योचे चित्र सर्वत्र वापरले जाते. पण ते १८०४ च्या सुमाराचे असून त्यातील अंगरखा कमरेखाली थोडाच उतरतो, आपल्या शिपायाचा गुडघ्यापर्यंत हवा.

मूर्तिछंद : आभारी आहे. म्हणजे सगळा पोशाख नियमावलीबरहुकूम ठेवावा का?

जुनेठाणे : मी तरी ठेवणार नाही. १७६६ ते १७६८ मध्ये स्पेनच्या राजाने पाठवलेले अधिकारी मार्केस दे रुबी यांनी ठाण्यांची पाहणी केली, तेव्हा अनेक ठिकाणी शिपाई फाटक्या कपड्यांत आणि निकामी शस्त्रांनिशी आढळले. नियमावली त्यानंतर आली. कागदावर हुकूम निघाला म्हणून सरहद्दीवर लगेच नवे कापड पोहोचले असेल, असे मानणे धाडसाचे आहे. जाकिटाचा निळा रंग विटका ठेवावा आणि कोपराला ठिगळ द्यावे.

कोरणी : साचा काढायचा असल्यास बैलाच्या कातड्याची ढाल आणि भाला वेगळे घडवावेत, भाल्याला पोलादी तारच बरी, रेझिनचा दांडा वाकतो.