मदत हवी आहे : 'स्टार ट्रेक'चा सहावा चित्रपट निरोपाला शोभतो का?

मंडळी, सांगलीत विश्रामबागेत दर रविवारी चहाला जमणाऱ्या आमच्या मित्रांत यावरून चांगलीच जुंपली आहे. 'स्टार ट्रेक' या १९६६ च्या अमेरिकन अंतराळ-मालिकेतल्या मूळ चमूचा हा शेवटचा एकत्र चित्रपट, १९९१ चा. चेर्नोबिल, शीतयुद्धाचा शेवट, सगळं त्यात क्लिंगॉनांच्या, म्हणजे पृथ्वीवासीयांच्या जुन्या परग्रही शत्रूंच्या, चंद्राच्या स्फोटातून येतं. मला तो मनापासून आवडतो. क्लिंगॉन मेले तर मरू देत, असं यानाचा कप्तान कर्क म्हणतो ते बऱ्याच जणांना खटकतं. पण १९८४ च्या तिसऱ्या चित्रपटात त्याच्या मुलाला क्लिंगॉनांनीच मारलंय, ते विसरून कसं चालेल?

माझी खरी अडचण कर्कचा मित्र आणि सहकारी अधिकारी असलेल्या स्पॉकची आहे. क्लिंगॉनांशी होणारा समेट उधळण्याच्या कटात सामील असलेल्या व्हॅलेरिस या त्याच्याच शिष्येच्या चेहऱ्यावर बोटं ठेवून तो तिच्या मनातून कटवाल्यांची नावं जबरदस्तीने काढतो, ती किंचाळेपर्यंत थांबत नाही. आमच्यातली एक मैत्रीण म्हणते, इथेच चित्रपट हरला. तिला काय उत्तर द्यावं, सुचत नाहीये. शेवटी पडद्यावर कलाकारांच्या सह्या उमटतात तेव्हा माझा गळा दाटून येतो, पण तेवढ्याने तिचं समाधान होणार नाही.

मूळ मालिका नीट पाहिलेल्यांनी कृपया सांगा : स्पॉकचं हे वागणं आधीच्या कुठल्या भागाशी जुळतं का? नाव दिलंत तर येत्या रविवारी तोच भाग लावू.