अनुभव धागा: कॅसेटमधले बँड, इतक्या वर्षांनी समोर

शाळा-कॉलेजच्या वयात ज्यांची गाणी पाठ झाली, त्या बँडला बऱ्याच वर्षांनी स्टेजवर पाहिलंय का? आवाज टिकला होता का, बदललेली माणसं खटकली का, कुठलं गाणं राहून गेलं, सगळं लिहा. "मस्त झाला कार्यक्रम" एवढ्यावर थांबू नका. ही मंडळी आता थकत चालली आहेत, म्हणून ज्यांनी पाहिलं त्यांनी तपशिलात लिहून ठेवावं असं मला मनापासून वाटतं. सुरुवात मीच करतो.

डीप पर्पल. बँड 1968चा, माझ्याकडे आला तो दादाच्या कॅसेटमधून. मी पाहिलं तेव्हा गिटारवर ब्लॅकमोर नव्हता (तो 1993मध्येच बाहेर पडला), कीबोर्डवर जॉन लॉर्डच्या जागी डॉन एअरी होता. पहिल्या दिवसापासून प्रत्येक लाइनअपमध्ये असलेला एकटा इयान पेस मात्र ड्रम्सवर होता. 'चाइल्ड इन टाइम' होणार नाही हे ठाऊक होतं. त्यातल्या त्या चढत जाणाऱ्या किंकाळ्या गायक गिलननं 2002नंतर स्टेजवर घेतलेल्याच नाहीत. जे जमत नाही ते सरळ बाजूला ठेवायचं, हे मला पटतं. आणि कीबोर्डवरचा तो हॅमंड ऑर्गन! कॅसेटवर गिटारच्या मागे दबलेला वाटायचा, तिथे छातीत घुमत होता. इतकी वर्षं मी अर्धंच गाणं ऐकत होतो.

*

माझा अनुभव जेनेसिसचा, त्यांच्या शेवटच्या दौऱ्यातला. फिल कॉलिन्स खुर्चीत बसून गायला. पाठीच्या दुखण्यानंतर त्याला ड्रम्स वाजवणं शक्य राहिलं नव्हतं, तिथे त्याचा मुलगा निक होता, नुकता विशीत आलेला. मी स्वतः ड्रम्स वाजवते, त्यामुळे नजर सारखी निककडेच जायची. ज्या फिल्सवर (दोन ओळींमधल्या ड्रम्सच्या छोट्या तुकड्यांवर) मी हात बसवला, ते बापाच्या मागे बसून मुलगा वाजवत होता. रडू आवरलं नाही. मार्च 2022मध्ये लंडनला त्यांचा अखेरचा कार्यक्रम झाला.

*

बँडचं नाव लिहीत नाही. मूळ चौघांपैकी एकच उरलेला, बाकी भाडोत्री वादक. सूर चोख, पण एकमेकांकडे कुणी बघतही नव्हतं. मध्यंतरानंतर मी निघून आले.

*

पट्टीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. बरेच जुने बँड आता गाणी अर्धा किंवा एक सूर खाली वाजवतात. घरी रेकॉर्डबरोबर गिटार वाजवणाऱ्याला ते पहिल्याच कॉर्डला कळतं आणि क्षणभर बिचकायला होतं. पण घसा ताणून वरचा सूर निसटण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. उतरवलेल्या पट्टीत गाणं थोडं गडद होतं, शब्दही जास्त ऐकू येतात. मला तर काही गाणी अशीच जास्त आवडली.

*

क्वीन, अ‍ॅडम लॅम्बर्टसोबत. मूळ गायक फ्रेडी 1991मध्ये गेला, त्याला पाहायचं राहिलंच. लॅम्बर्ट त्याची नक्कल करत नाही, हे फार बरं. 'लव्ह ऑफ माय लाइफ' ब्रायन मे एकटाच अकूस्टिक गिटार घेऊन बसून गातो आणि शेवटी पडद्यावर फ्रेडी येतो. मला वाटलं होतं हे कृत्रिम वाटेल. नाही वाटलं. ताई शेजारी होती, ती मोठ्यानं गात होती. तिला असं गाताना मी कॉलेजनंतर ऐकलं नव्हतं.

*

ब्लॅक सबाथ, 5 जुलै 2025, बर्मिंगहॅम. मी घरून थेट प्रक्षेपण पाहिलं, चालेल ना? ऑझी सिंहासनावर बसूनच गायला. मूळ चौघे 2005नंतर पहिल्यांदा एकत्र. 22 जुलैला ऑझी गेला.

*

चालेल की! बिल वॉर्डच्या ड्रम्सबद्दल आणखी लिही. आणि सगळ्यांनाच विचारतो, जाण्याआधी सेटलिस्ट (कार्यक्रमातल्या गाण्यांची यादी) बघता का? मी बघत नाही, पहिल्या दोन सुरांत गाणं ओळखण्याचा आनंद मला घालवायचा नसतो.